बोचकं लहान बांध

पत्र:

सर, मी बीडला राहतो. वय २४, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालाय. दीड वर्षात तीन ऑनलाइन दुकानं बांधली: मामाचं पैठणला पैठणीचं, एका मित्राच्या घरचं कुंथलगिरीच्या पेढ्याचं आणि मावशीच्या गावाकडचं वसमतच्या हळदीचं. कार्ट, कूपन, जीएसटी, पिनकोड, पेमेंट हा सगळा जावास्क्रिप्टचा कोड मी एकाकडून उचलून दुसरीकडं चिकटवत गेलो. आता एका साइटवर चूक दुरुस्त केली की बाकीच्या दोन ठिकाणी राहूनच जाते. पुण्यातला मित्र म्हणतोय, याची लायब्ररी (कुठंबी जोडता येईल असा तयार कोड) कर आन् एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या जाहीर कोठारावर, टाक. बाबा म्हणायलेत, दीड वर्षाची मेहनत फुकट वाटायलास का? मला भीती वाटायलीय की लोक कोड बघून हसतील. इंग्रजी पण यथातथाच. आन् एकदा टाकल्यावर काय काय निस्तरावं लागतं ते कुणीच सांगंना. टाकावं का? टाकावं तर सगळं एकत्र का तुकडे करून? नाव 'सुपर कार्ट प्रो' ठेवावं म्हणतोय. आई गमतीनं 'बोचकं' म्हणायलीय.

– बीडचा एक वाचक

उत्तर:

वयानं तुझ्या दुप्पट आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

टाक. पण जे टाकायचं म्हणतोयस त्याचे पाच भाग केले तर चार घरीच ठेव.

तुझी यादी पुन्हा वाच: कार्ट, कूपन, जीएसटी, पिनकोड, पेमेंट. ही पाच कामं एकाच पिशवीत बसली कारण तिन्ही दुकानं तूच बांधलीस. एवढं सोडलं तर त्यांचं एकमेकांशी नातं नाही. पेमेंटवाले त्यांच्या मर्जीनं त्यांचा कोड बदलतात. कराचे दर दिल्लीत ठरतात. डिलिव्हरीचे पिनकोड कुरिअरवाला ठरवतो. यातलं काहीही हललं की तुझी लायब्ररी हलणार, आणि ती हलली की ज्यांनी वापरली त्यांची दुकानं हलणार. न हलणारी गोष्ट यात एकच आहे: हिशेब. वस्तू, नग, भाव, सूट, कर, एकूण. तेवढीच लायब्ररी कर. हिशेब सोपा वाटतो आणि जवळजवळ प्रत्येकाचा चुकलेला असतो, म्हणून ती उपयोगी पडेल.

माझाही चुकला होता. बरीच वर्षं झाली, संभाजीनगरच्या गुलमंडीवरच्या एका कापड दुकानाला मी कार्ट करून दिलं. भाव रुपयांत दशांशासह ठेवले होते. पेमेंटवाल्याला रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत कळवायची असते, म्हणून शंभरनं गुणलं आणि मागचं शेपूट छाटलं. आता ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कोड चालवून बघायच्या खिडकीत, १९.९९ गुणिले १०० करून बघ. १९९९ येत नाही, त्याहून केसभर कमी येतं. शेपूट छाटलं की १९९८. एक पैसा गेला. बिलावर एक आकडा, बँकेत दुसरा, आणि दुकानाचे मुनीमजी दर महिन्याला मला फोन करणार. त्यांचा आवाज अजून कानात आहे. दोष जावास्क्रिप्टचा नाही. दशांश अपूर्णांक कॉम्प्युटरच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत साठवताना पुष्कळदा पूर्ण बसतच नाहीत. ०.१ अधिक ०.२ केल्यावर ०.३०००००००००००००००४ येतं ते याच कारणानं, आणि इतर अनेक भाषांतही तसंच येतं. इलाज जुना आहे: आतमध्ये सगळं पैशांत ठेवायचं, पूर्णांकात. रुपया फक्त ग्राहकाला दाखवताना करायचा.

दाखवण्यासाठीही वेगळा कोड लिहू नकोस. ब्राउझरमध्ये इंटल नावाची सोय असते, तिच्यातला नंबरफॉरमॅट लाख-हजारांचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं देतो. भाषा भारतीय इंग्रजी सांगितलीस तर इंग्रजी आकडे येतील, मराठी सांगितलीस तर ₹१,२३,४५६.०० असे देवनागरी येतील. कोणते हवेत ते दुकानदाराला ठरवू दे. मामाची पैठणी कुठल्या शहरात जाते ते मामाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुझी तिन्ही दुकानं वेगवेगळ्या जातीची आहेत आणि ते तुझं भांडवल आहे. शहरातला पोरगा टी-शर्टचं दुकान डोळ्यासमोर ठेवून लायब्ररी लिहितो: नग एक, दोन, तीन. तुझा पेढा पावकिलोत जातो. म्हणजे 'नग' या शब्दात ०.२५ शिरलं, आणि भावातून हाकललेला दशांश मागच्या दारानं परत आला. तिथं ग्रॅम ठेव, पूर्णांकात, आणि भाव किलोमागे पैशांत. गुणाकार आधी कर, हजारानं भागाकार शेवटी, आणि आकडा गोल एकदाच कर. पायरीपायरीला गोल करत गेलास तर प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं.

सुटीचं, म्हणजे कूपनाचं, त्याहून वाकडं. समज, शंभर रुपयांचं कूपन आहे आणि कार्टात सारख्या भावाच्या तीन वस्तू. कर वस्तूवार लागतो, प्रत्येकीचा दर वेगळा असू शकतो, म्हणून सूट वस्तूंवर वाटावीच लागते. १०,००० पैसे भागिले तीन, म्हणजे ३३३३, ३३३३, ३३३३, आणि उरला एक पैसा. हा पैसा कुणाचा? पुष्कळ कोड तो हरवून टाकतात. तू नियम ठरव: ज्या वस्तूचा भागाकारात सर्वांत जास्त उरलेला भाग असेल तिला आधी, सगळ्यांचा सारखा असेल तर कार्टात जी वर तिला. नियम कोणताही असू दे, पण तोच कायम, आणि रीडमीत, म्हणजे लायब्ररीसोबतच्या माहितीच्या फाइलीत, पहिल्या पानावर लिहिलेला. भावाभावांत वाटणी करताना एखादा आंबा उरला की घरात काय होतं ते तुला ठाऊक असेल.

जीएसटीतही अशीच एक खोच आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली की कराचे दोन सारखे भाग होतात, केंद्राचा आणि राज्याचा. कर १००१ पैसे निघाला तर अर्धे कसे करणार? म्हणून आधी निम्म्या दरानं एक भाग काढ, गोल कर, आणि मग दुप्पट कर. परराज्यात माल गेला की एकच आयजीएसटी. विक्री कुठली हे लायब्ररीनं ओळखायच्या भानगडीत पडू नये, बाहेरून सांगितलं जावं. आणि भाव करासह आहे की कर वेगळा, हेही विचारून घे. ५ टक्के करासह १,०५० रुपये असतील तर मूळ भाव १,००० आणि कर ५०. १,०५० वर पुन्हा ५ टक्के काढणारी दुकानं मी पाहिली आहेत.

दर मात्र कोडात कोरू नकोस. ही एक गोष्ट ऐकलीस तरी पत्राचं सार्थक झालं. २२ सप्टेंबर २०२५ ला १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ उठले. तूप १२ वरून ५ वर आलं, अडीच हजारांवरचे तयार कपडे १२ वरून १८ वर गेले. ज्यांनी दर लायब्ररीत कोरले होते त्यांना त्या दिवशी नवी आवृत्ती काढावी लागली असेल, आणि ती प्रत्येक दुकानात पोचेपर्यंत चुकीची बिलं फाटली असतील. दर दुकानदारानं द्यावा, त्याला तो त्याचा सीए सांगेल. तू फक्त गुणाकार बरोबर कर.

आता घरी ठेवायचं ते.

पेमेंट तर नक्कीच बाहेर. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, तुला दोन चाव्या देतो. एक ब्राउझरात दाखवायला चालते, दुसरी गुप्त असते आणि ती फक्त सर्व्हरवर राहते. लायब्ररीत पेमेंट घातलंस की कुणीतरी नवखा गुप्त चावी ब्राउझरात लिहिणार, आणि तुझ्याच रीडमीतलं उदाहरण बघून लिहिणार. दुसरं म्हणजे ब्राउझरातला हिशेब हा ग्राहकाच्या हातातला हिशेब असतो. कुणीही कन्सोल उघडून बारा हजारांची पैठणी बारा रुपयांची करू शकतो. म्हणून तोच हिशेब सर्व्हरवर पुन्हा करायचा आणि तिथला आकडा खरा धरायचा. तुझी लायब्ररी शुद्ध गणिताची राहिली, तिच्यात ब्राउझरचं काही नसलं, तर तीच फाइल नोडमध्येही, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीतही, जशीच्या तशी चालेल. लहान बांधण्याचा हा फायदा मला स्वतःला फार उशिरा कळला.

साठाही बाहेर. हातमागाची पैठणी एकच असते. तीच साडी नाशिकची बाई आणि सोलापूरची बाई एकाच वेळी कार्टात टाकतील, आणि कोणाला मिळाली हे फक्त सर्व्हरला कळू शकतं.

कार्ट ब्राउझरात साठवून ठेवण्याचा तुझा कोडही वेगळाच ठेव. ग्राहक इन्स्टाग्रामवरची लिंक दाबतो, दुकान इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरात उघडतं, तो तिथं कार्ट भरतो. रात्री क्रोममध्ये येऊन बघतो तर कार्ट रिकामं, कारण दोघांची कोठारं वेगळी. आयफोनच्या सफारीत तर सात दिवस ती साइट वापरली नाही की स्क्रिप्टनं साठवलेलं पुसलं जातं. याला लायब्ररीत इलाज नाही, आणि तक्रार मात्र तुझ्याकडे येईल.

पत्त्याचं बघ. जिल्ह्यांची यादी म्हणून औरंगाबाद आणि उस्मानाबाद असं लिहून ठेवलेले किती कोड २०२३ नंतर जुने झाले! आजही कुणी जुनं नाव लिहितो, कुणी छत्रपती संभाजीनगर, कुणी नुसतंच संभाजीनगर, कुणी धाराशिव. पिनकोड मात्र तेच राहिले. सहा आकडे, पहिला शून्य कधीच नसतो. ओळख त्यावर ठेव, नाव ग्राहकाला हवं ते लिहू दे. हे तुझ्या दुकानांसाठी सांगतोय, लायब्ररीत घालू नकोस. आणि हळदीच्या साइटवर शोध ठेवलास असशील तर आणखी एक: 'ऱ' हे अक्षर यूनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतं, एकसंध किंवा 'र' खाली नुक्ता देऊन. डोळ्याला सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. शोधण्याआधी दोन्ही बाजूंना नॉर्मलाइझ करून, म्हणजे एकाच रूपात आणून, घे, नाहीतर 'कोऱ्या' शोधणाऱ्याला 'कोऱ्या' सापडणार नाही.

बांधणीचं थोडक्यात सांगतो, कारण ते शिकवणारे खूप आहेत. मूळ कोड आताच्या मॉड्यूल पद्धतीत लिही. पॅकेज.जेसन या माहितीच्या फाइलीतल्या एक्स्पोर्ट्समध्ये जेवढी दारं (बाहेरच्यांनी वापरायचे भाग) उघडायची तेवढीच लिही. उघडं ठेवलेलं प्रत्येक दार लोक वापरतात आणि मग ते बंद करता येत नाही. सोबत एक साधी एकसंध फाइल पण बनव, स्क्रिप्ट टॅगनं चालणारी. आपल्याकडची निम्मी-शिम्मी दुकानं कुणाच्या तरी भाच्यानं केलेली असतात, तिथं बंडलर (अनेक फाइली एकत्र बांधणारं साधन) वगैरे काही नसतं. एनपीएमवर टाकलेलं जेएसडिलिव्हर या फाइली पोचवणाऱ्या मोफत सेवेवरून आपोआप मिळतं, पण उदाहरणात पूर्ण आवृत्ती क्रमांक लिही. 'लेटेस्ट' लिहिलंस तर तुझी चूक न विचारता सगळ्यांच्या दुकानात. टाइप्सची फाइल, म्हणजे कुठं कोणत्या प्रकारची माहिती द्यायची याची नोंद, दे. चाचण्यांसाठी नोडमध्येच आता सोय आहे, त्यासाठी वेगळं काही बसवायला नको. मुनीमजींचा पैसा, पेढ्याचं पावकिलो, तीन वस्तूंचं कूपन, १००१ पैशांचा कर: या चार चाचण्या पहिल्या दिवशी लिही.

आणि दुसऱ्या कुणाच्या पॅकेजवर, म्हणजे एनपीएमवरच्या लायब्ररीवर, टेकू नकोस. एकाही नको. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएमवरून काढून घेतलं. काम काय, तर शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणं. पण त्यावर टेकलेले हजारो प्रकल्प जगभर अडून बसले आणि एनपीएमला काही तासांत ते परत ठेवावं लागलं. पुढच्याच महिन्यात आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. दुसऱ्याच्या तळ्यावर तहान टाकून बसलं की काय होतं, हे मराठवाड्यातल्या पोराला वेगळं समजावायला नको.

त्या प्रकरणानंतर नियम बदलले, आणि तुझा 'निस्तरावं काय लागतं' हा प्रश्न इथंच येतो. टाकलेली आवृत्ती पहिल्या ७२ तासांत काढता येते, तीही दुसरं कुठलं पॅकेज तिच्यावर टेकलं नसेल तर. त्यानंतर अटी आणखी कडक. काढलेला आवृत्ती क्रमांक पुन्हा कधीच वापरता येत नाही. चूक झाली तर पुढचा क्रमांक काढायचा आणि जुन्यावर 'वापरू नका' असा शेरा मारायचा. म्हणून टाकण्याआधी एनपीएम पॅक ही आज्ञा ड्राय-रनसह, म्हणजे खरोखर काही न बनवता नुसती यादी दाखवायला सांगून, चालव. नेमक्या कोणत्या फाइली जाणार ते दिसतं. तुझ्या फोल्डरात पेढेवाल्याची गुप्त चावी असलेली एनव्ही फाइल असणार, पैज लावतो. काय जावं याची यादी पॅकेज.जेसनच्या 'फाइल्स'मध्ये लिही. काय जाऊ नये याच्या यादीत नेमकं हवं ते राहून जातं.

आवृत्तीचे तीन आकडे म्हणजे तुझा शब्द. शेवटचा वाढला तर फक्त दुरुस्ती, मधला वाढला तर भर पडली पण जुनं तसंच, पहिला वाढला तर जुनं मोडलंय, बघून घ्या. सुरुवात ०.१.० नं कर. शून्याच्या घरात असेपर्यंत बदलायची मोकळीक असते, आणि टोपीचं चिन्ह (^) लावून, म्हणजे 'जुनं न मोडणारी नवी आवृत्ती आपोआप दे' असं सांगून घेणाऱ्यांनाही ०.१ वरून ०.२ आपोआप मिळत नाही. पण मग तीन-तीन वर्षं शून्यात बसू नकोस. आणि एक गोष्ट जी पुस्तकी नियमात सापडत नाही: आकडे गोल करायची रीत बदलणं ही 'दुरुस्ती' नव्हे. तुझ्या दृष्टीनं तू चूक सुधारलीस, पण कुणाच्या तरी जुन्या बिलात आणि नव्या बिलात एका पैशाचा फरक पडला. हिशेबाच्या लायब्ररीत असा बदल पहिल्या आकड्याचा धर आणि बदलांच्या नोंदीत ठळक लिही.

एनपीएमच्या खात्याला दुहेरी कुलूप, म्हणजे पासवर्डशिवाय दुसरी ओळखही मागणारं, लाव. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग अशी अफाट वापरातली पॅकेजेस सांभाळणाऱ्याला एनपीएमच्या नावानं बनावट ईमेल आला, तो फसला, आणि त्याच्या हातून घातक आवृत्त्या बाहेर गेल्या. फसलेला माणूस कच्चा नव्हता. एनपीएमचा ईमेल आला तर त्यातली लिंक दाबू नकोस, साइट स्वतः उघडून बघ.

लोक हसतील म्हणतोस. हसायला आधी कुणीतरी बघावं लागतं. पहिले सहा महिने कुणी येणार नाही, तीच तुझी खरी परीक्षा. इंग्रजी मोडकं असू दे, उदाहरण मात्र चिकटवल्याबरोबर चाललं पाहिजे. आणि त्याच रीडमीखाली मराठीतही लिही. परभणीतल्या एखाद्या पोराला ते सापडलं तर तो इंग्रजी भाग उघडणारसुद्धा नाही.

बाबांचं निम्मं बरोबर आहे. लायब्ररीतून पैसे येणार नाहीत, त्या आशेवर टाकू नकोस. पण दुकानं तू फुकट देत नाहीयेस. बांधणी, वर्षाची देखभाल, रात्री अकराला पेमेंट अडलं म्हणून आलेला फोन, याचे पैसे घे, आणि लेखी ठरवून घे. मामाकडूनही. विशेषतः मामाकडून. लायब्ररीला एमआयटी परवाना लाव: कुणीही वापरा, तुझं नाव राहू दे, नुकसानीला तू बांधील नाहीस. परवानाच नसला तर कायद्यानं कुणी वापरूच शकत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिघा दुकानदारांना आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचार, 'हिशेबाचा भाग सगळ्यांसाठी खुला करतोय, तुमची काही हरकत?' उत्तर जपून ठेव.

क्रम असा धर. आधी तुझ्याच तीन दुकानांतला चिकटवलेला कोड काढून ही लायब्ररी बसव. तिन्ही साइट महिनाभर त्यावर चालू देत. हळदीची शेवटी घे, सुगी संपल्यावर. विक्रीच्या दिवसांत मावशीच्या गावाला प्रयोगशाळा करू नये. मग टाक.

नावाचं म्हणशील तर लेफ्ट-पॅडचा सगळा तंटा पॅकेजच्या एका नावावरूनच पेटला होता, एका कंपनीनं त्याच लेखकाच्या दुसऱ्या पॅकेजचं नाव मागितलं म्हणून. 'सुपर', 'कार्ट' आणि 'प्रो' या तीन शब्दांच्या जोड्या तर लोकांनी केव्हाच उचलल्या असतील. आई म्हणायलीय ते ठेव. रोमन लिपीत शेवटी ए लावायचा की ओ, एवढं तिला विचारून घे, आणि तुझ्या खात्याच्या नावाखाली टाक म्हणजे कुणाशी टक्कर नको. तसं टाकताना 'पब्लिक' सांगायला विसरू नकोस, नाहीतर एनपीएम ते खासगी समजून पैसे मागतं, आणि बाबा म्हणतील, बघ.